दूरच्यांची यादी

हेब्बाळ, म्हैसूर
७ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,

सलाम. कानाच्या मशीनचा तुला त्रास होतो आणि फोनवर तू नुसतं "हो हो" म्हणतेस, हे मला कळतं. म्हणून आपलं पत्रच बरं. तू पाठवलेली गोधडी पोचली. तुझी भावजय ईश्वरी म्हणते इथल्या थंडीला ती फार जाड आहे, पण रोज अंगावर घेऊन तीच झोपते.

काल गुरुवार, फॅक्टरीची सुट्टी. नेहमीप्रमाणे अग्रहारात रंगनाथकाकांकडे गेलो. त्यांच्याविषयी तुला मागे थोडंच लिहिलं होतं. शिंपीकाम करणारं घर. त्यांचे पूर्वज कधीतरी आपल्या बाजूनं इकडे आले. घरात अजून मराठी बोलतात, निम्मं कन्नड मिसळून. मी पँटची उंची कमी करायला गेलो होतो, तर टेप लावता लावता ते म्हणाले, "पाय सरळ ठेवा की." परक्या गावात ते ऐकून मला कसंतरीच झालं. ती ओळख. त्यांचा मुलगा गगन आठ वर्षांपूर्वी मोटरसायकलच्या अपघातात गेला. चाळीस वर्षं विठ्ठलाच्या देवळात मृदंग वाजवणारा हा माणूस तेव्हापासून त्या देवळाची पायरी चढलेला नाही. देवाचा विषय निघाला की सुई शोधायला लागतो.

सोयराबाईकाकू दोन वर्षं अर्धांगवायूनं खाटेवर आहेत. वाचा गेली आहे. त्यांना कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, चादर अर्धी गुंडाळून अंगाखालून सरकवायची, हे एकट्या म्हाताऱ्याच्यानं होत नाही. इतर दिवशी शेजारचे कुणीतरी हात लावतात. गुरुवारी मी, गेले सात महिने. आणि एकादशीला भजनी मंडळाच्या बायका येऊन खाटेभोवती बसून गातात. त्या दिवशी काकूंचा चेहरा सकाळपासून वेगळा दिसतो म्हणे. काका तेवढा वेळ बाहेर ओट्यावर जाऊन बसतात.

काल पाठ पुसताना मी आपल्या चर्चमधलं भजन गुणगुणत होतो. बाबा पेरणीला म्हणायचे ते. काका एकदम म्हणाले, "मिलिंदराव, सम चुकतेय. गाडी खड्ड्यात घातल्यागत काय गाता?" मग त्यांनी खाटेच्या कडेवर हातानं ठेका धरला, माझ्याकडून एकेक ओळ विचारून घेतली आणि सगळं भजन म्हटलं. चाल त्यांना ठाऊक होती, त्यांच्यात एका अभंगाला तीच लावतात. पण शब्द आपले होते. प्रभूचं नाव आलं तिथंही ते थांबले नाहीत. मी मान वर केली तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

ताई, तुमच्या दूरच्यांच्या यादीत मी त्यांचं नाव घालायला सांगितलं होतं ना? प्रार्थना ऐकली गेली. ते जवळ आले.

तुझा,
मिलिंद

ता. क. आमचा दोघांचा ओट्यावरचा फोटो इराच्या फोनवर पाठवला आहे. तुझ्या भाचीला सांग, मोठा करून दाखवेल.

*

बोरवंडी, जि. अहिल्यानगर
२५ नोव्हेंबर २०२५

प्रिय मिलिंद,

सलाम. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा पाळकसाहेबांना वाचायला दिलं.

परवा रविवारी कापणीचा सण झाला. बाजरी, भोपळे, कुणी कोंबडं, जे ज्याच्या घरी पिकलं ते वेदीपुढं ठेवलं. शेवटी यादीची वही उघडली. तुला माहीत आहे आपली रीत. जी माणसं विश्वासापासून दूर आहेत त्यांची नावं आम्ही बायका त्या वहीत लिहितो, दर बुधवारी एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करतो, आणि त्यातलं कुणी आलं तर ते नाव सणाला मंडळीपुढं वाचतात. ज्यानं नाव घातलं त्यानं घंटा वाजवायची. सहा वर्षांत वाजली नव्हती. परवा मी वाजवली. मला तिचा आवाज आला नाही, पण दोर हाताला चांगला जाणवला.

इरानं तुमचा फोटो मंडळीच्या ग्रुपवर घातला. खाली लिहिलं, म्हैसूरच्या रंगनाथ यांनी प्रभूला स्वीकारलं. पुष्कळांनी हात जोडलेले पाठवले म्हणे.

आता बाप्तिस्म्याचं कसं काय? तिकडचे पाळक देतील ना? आणि त्यांच्या बायकोचं? तिला बोलता येत नाही तर ती हो कसं म्हणणार?

तुझी,
मृदुला

*

हेब्बाळ, म्हैसूर
५ डिसेंबर २०२५

प्रिय ताई,

सलाम. काहीतरी बिघडलं आहे आणि ते माझ्यामुळं की तुझ्यामुळं ते मला ठरवता येत नाही.

सोमवारी एकादशी होती. बायका आल्या नाहीत. काल गेलो तेव्हा काकांनी सांगितलं. सकाळी काकूंना जांभळं पातळ नेसवलं होतं. चार वाजले, पाच वाजले. काकूंची नजर दारावर. अंधार पडल्यावर त्यांनी तोंड मिटून घेतलं ते मंगळवारी दुपारपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नाही. "मंडळात कुणाकडं सुतक असेल," काका म्हणाले. मीही तेच म्हटलं.

घरी आलो तर ईश्वरीनं फोन पुढं केला. इथल्या मराठी कुटुंबांचा एक ग्रुप आहे. त्यात आमचा फोटो, आणि खाली ती ओळ. नगरकडच्या कुणीतरी पाठवलेला. अग्रहारातल्या दोघीतिघी त्या ग्रुपमध्ये आहेत.

असं मी कुठं लिहिलं होतं, ताई? मी लिहिलं की ते रडले. बाप्तिस्मा, स्वीकारलं, हे सगळं तुम्ही कुठून आणलं? इराला सांगून फोटो काढायला लाव. काकांना मी काही बोललो नाही. काय बोलणार? त्यांचं नाव आपल्या वहीत आहे हेच त्यांना माहीत नाही.

मिलिंद

*

बोरवंडी
१२ डिसेंबर २०२५

प्रिय मिलिंद,

फोटो काढला. पण इरा म्हणते, बाहेर गेला तो गेला.

मी तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. "प्रार्थना ऐकली गेली. ते जवळ आले." अक्षर तुझं आहे. कुठं "कदाचित" नाही, "मला वाटतं" नाही. मी म्हातारी बाई, कानांनी गेलेली. माझ्याकडं कागदावर येतं तेवढंच जग. तू लिहिलंस ते मी खरं धरलं.

आता तू म्हणतोस तसं नाही. मग कसं आहे? ते आले, की नाही आले? बुधवारी बायका मला विचारतात आणि मी हातातल्या रुमालाशी खेळत बसते. पाळकसाहेब म्हणतात, विश्वासात येणाऱ्याला त्याची माणसं सोडतातच, घाबरायचं नाही. ऐकायला बरोबर वाटतं. पण ती खाटेवरची बाई कुठं कशात आली होती? पाणी तिनं सोडलं.

माझं डोकं चालत नाही. तूच सांग. ते अजून दूरच असतील, तर तू त्यांच्याकडं पहिल्यासारखाच जाशील ना?

मृदुला

*

हेब्बाळ, म्हैसूर
१९ डिसेंबर २०२५

प्रिय ताई,

तुझं बरोबर आहे. ती ओळ मीच लिहिली. मला ते खरं व्हायला हवं होतं, म्हणून झालं असं लिहून टाकलं. आता शोधतो तर ते डोळ्यांतलं पाणी नक्की कशाचं होतं, तेही मला सांगता येत नाही.

या सोमवारची एकादशीही कोरडी गेली. बुधवारी कामावरून सुटल्यावर मी सरळ विद्याश्रीबाईंच्या दुकानात गेलो. त्या भजनी मंडळाच्या प्रमुख. साड्यांना फॉल-पिको करतात. मशीन न थांबवताच त्यांनी विचारलं, "काय पाहिजे?"

मी सगळं सांगितलं. पत्र, वही, घंटा. काका ख्रिस्ती झालेले नाहीत, चूक माझी आहे, असं म्हणालो.

"तुमी गुरुवारी कशाला येता?" त्या म्हणाल्या.

"काकूंना उचलायला."

"तेवढ्यालाच?"

मी मशीनखालून सरकणारी साडी बघत राहिलो.

"तेवढ्यालाच असता तर वहीत नाव कशाला, सार? उचलणाऱ्याला वही लागत नाई." मग मशीन थांबलं. "खोटं बोललात नाई, तेवढं बरं केलात. पण बाकीच्या बायका भीतात, बघा नोडी. म्हणतात, आज त्यांचं नाव लिवलं, उद्या तिथं बसलेल्या आमचं लिवतील. घरातली माणसं सोडत नाईत त्यांना."

"मग काकूंनी काय करायचं?"

"तुमी जाऊ नका. आमी येतो. उचलायला आमचा चिदंबर जाईल, माझा नवरा. पण हे रंगनाथमामांना सांगायचं नाई. त्यांना कळलं तर ते आमालाच हाकलतील, आणि तिचं गाणं कायमचं जाईल."

मी हो म्हणालो. दुकानातून बाहेर येईपर्यंत वाटत होतं की चांगलं काम केलं. रस्त्यावर आल्यावर काहीच वाटेना. काकांना फोन करून सांगितलं, शिफ्ट बदलली, आता गुरुवारी जमणार नाही. ते म्हणाले, "हो काय? बरं." ताई, ही मी दिलेली थाप. कुणाच्या भल्यासाठी दिली, हे मात्र मला नीट सांगता येईल.

काल सुट्टी होती. दिवसभर घरात बसलो. ईश्वरी म्हणाली, प्रार्थना तरी कर त्यांच्यासाठी. बसलो, पण काय मागावं ते सुचेना. ते विश्वासात यावेत असं मागू, तर पुन्हा तीच वही. येऊ नयेत असं तर मागता येत नाही.

मिलिंद

*

अग्रहार, म्हैसूर
९ जानेवारी २०२६

मृदुला अक्कांना रंगनाथचा नमस्कार.

तुमी मला ओळखत नाई. माझं मराठी लिवणं भजनाच्या वह्यांवरून आलेलं, शाळा सगळी कन्नडात. चुकलं तर पोटात घाला. पत्ता तुमच्याच एका पाकिटावरचा. त्याच्या मागं मिलिंदरावांनी सोयराच्या गोळ्यांच्या वेळा लिवून दिल्या होत्या, ते मी भिंतीला चिकटवलंय.

सुम्ने, सहजच विचारतोय, राग मानू नका. मिलिंदराव चार गुरुवार आले नाईत. शिफ्ट बदलली म्हणाले. पण नव्या वर्षाच्या दिवशी गुरुवारच होता, मी औषध आणायला निघालो तर आमच्या चौकात केळी घेत उभे. मला बघितलं आणि केळी तिथंच ठेवून ऑटोत बसले. ज्यानं माझ्या बायकोचं अंग पुसलं तो मला बघून पळतो. का म्हणून?

मंडळाच्या बायका मधे दोन एकादश्या आल्या नव्हत्या, आता परत आल्या. विद्याश्रीनं फोटो दाखवला, तुमच्या वहीचंही सांगितलं. खाली लिवलेलं, मी येशूचा झालो. मला हसू आलं, अक्का. मी विठ्ठलाचाच राहिलो नाई, येशूचा कधी झालो?

त्या दिवशी रडलो ते खरं. का ते सांगतो. मी खाटेवर ठेका धरला तेव्हा सोयराच्या उजव्या हाताची बोटं हलली. गेलेला हात तो. दोन वर्षांत पहिल्यांदा, आणि बरोबर समेवर. मिलिंदराव पाठीमागं होते, त्यांना दिसलं नसणार. मी सांगितलं नाई. सांगितलं आणि परत हललीच नाईत तर, असं वाटलं. परत हलली नाईत.

आता माझ्या डोक्यात असं येतंय. त्यांनी माझं नाव लिवलं. मी आलो समजले. मग कळलं हा आलेला नाई. म्हणून सोडलं. तसंच असेल तर एका ओळीत कळवा, मी परत विचारणार नाई. चिदंबर येतो. चांगला माणूस, पण सोयराला मैद्याचं पोतं उचलल्यागत उचलतो. ती पापा, बिचारी, काय बोलणार? गुरुवारी सकाळी दाराकडं बघते.

मी विश्वास ठेवतो म्हटलं असतं तर ते येत राहिले असते काय? तिच्यासाठी तेवढं खोटं मी म्हटलं असतं.

रंगनाथ

*

बोरवंडी
१७ जानेवारी २०२६

रंगनाथभाऊ,

सलाम. तुमचं पत्र मिळाल्यावर दोन दिवस मी जेवणावरून उठत होते. एका ओळीत कळवा म्हणालात, पण एका ओळीत होणार नाही.

माझ्या भावानं तुम्हाला सोडलेलं नाही. त्या फोटोमुळं बायकांनी येणं बंद केलं, तेव्हा तो विद्याश्रीबाईंकडं गेला. त्यांनी सांगितलं, तू घरात जाणार नसशील तर आम्ही येतो. सोयराबाईंचं गाणं राहावं म्हणून त्यानं कबूल केलं आणि तुम्हाला कळू देणार नाही असा शब्द दिला. शब्द त्यानं दिला आहे, मी नाही. म्हणून मी सांगते.

विद्याश्रीबाईंवर रागावू नका. आमच्या माणसाचं नाव न विचारता कुणी दुसऱ्या देवळात वाचलं असतं, तर मीही त्या दारात पाऊल ठेवलं नसतं.

वहीत तुमचं नाव मी लिहिलं होतं. घंटाही मी वाजवली. गेल्या रविवारी उपदेश संपल्यावर मी उभी राहिले आणि मंडळीला सांगितलं की तो माणूस आलेला नाही, मी चुकीची घंटा वाजवली. मला ऐकू येत नाही, त्यामुळं आवाज किती मोठा होतो ते कळत नाही. पाळकसाहेब केव्हाचे बसा बसा म्हणत होते, असं इरानं घरी आल्यावर सांगितलं. काहीजण अजून माझ्याशी बोलत नाहीत. बोलले तरी मला कुठं ऐकू येणार होतं.

तुम्ही खोटं म्हणू नका. तसं आलेलं माणूस आम्हाला नको आणि आमच्या प्रभूलाही नको. मी तुमच्यासाठी प्रार्थना करते, ती मला बंद करता येत नाही. तुमची परवानगी नसेल तर कळवा, मी कळल्यावरही करीनच बहुतेक.

मिलिंदचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. घर तुमचं आहे.

तुमची बहीण,
मृदुला

*

हेब्बाळ, म्हैसूर
३० जानेवारी २०२६

प्रिय ताई,

सलाम. तू माझा शब्द मोडलास यावर मी रागवावं की नाही ते अजून ठरलेलं नाही. आधी काल काय झालं ते लिहितो.

बुधवारी काकांचा फोन आला. "उद्या एकादशी. चार वाजता या."

"त्या वेळी बायका असतील, काका."

"ठाऊक आहे," म्हणाले आणि फोन ठेवला.

गेलो. ओट्यावर पोचलो तर आत अभंग चाललेला. सात-आठ बायका खाटेभोवती, विद्याश्रीबाईंच्या हातात टाळ. काका ओट्यावर नव्हते. आत होते, खाटेच्या पायथ्याशी, भिंतीला टेकून. गात नव्हते, पण बसले होते. विद्याश्रीबाईंनी मला पाहिलं. गाणं थांबलं नाही, फक्त त्यातून त्यांचा आवाज निघून गेला. मी तिथंच उभा राहिलो. आत जाणं म्हणजे दिलेला शब्द मोडणं, आणि परत फिरणं म्हणजे काकांना दुसऱ्यांदा बघून पळणं.

"मिलिंदराव," काका आतून ओरडले, "खांब धरून काय उभे? ती ओली झालीय."

"त्यांचं होऊ दे, काका."

"त्यांचं होत राहील. ती तशीच पडून राहू दे काय?"

मी चपला काढल्या. एक बाई उठली, माझ्या अंगाला पदर लागू न देता बाहेर पडली आणि गेली. बाकीच्या सरकल्या. मुद्दाम वाट दिली की जवळ बसायचं नव्हतं, ते मला कळलं नाही. मी काकूंना कुशीवर घेतलं. खूप हलक्या झाल्या आहेत, ताई. मी ओली चादर गुंडाळत पाठीपर्यंत आणली, कोरडी मागं पसरली. आता पलीकडून ओढायला माणूस हवं. ते काम काकांचं, पण ते उठायला गेले तर त्यांची कंबर धरली आणि ते अर्ध्यात वाकून राहिले.

मी एका हातानं काकूंना धरलेलं, दुसऱ्या हातात चादर. गाणं विरळ होत चाललं होतं. मी प्रार्थना करायला गेलो. कानावर त्यांच्या विठ्ठलाचं नाव, ओठांत माझ्या प्रभूचं, आणि मागणं असं काहीच नाही, नुसती ती चादर. हे पाप आहे का, ते तू पाळकसाहेबांना विचार. नको, विचारू नकोस.

विद्याश्रीबाईंनी टाळ खाली ठेवले. पलीकडच्या बाजूला येऊन चादरीची कड धरली आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "सोडा की तुमच्या बाजूनं. मी काय ओढत बसू?" मी सोडली. त्यांनी एका झटक्यात ओढून कोपरे गादीखाली खोचले, फॉल लावणाऱ्या हातांनी, एक सुरकुती न ठेवता. मग परत जागेवर बसून जिथं गाणं होतं तिथून त्यात शिरल्या. मी ओली चादर घेऊन मागच्या नळावर गेलो. धुईपर्यंत तिकडं दुसरा अभंग सुरू झाला होता.

निघताना विद्याश्रीबाई दारात चपला घालत होत्या. काकांना आता काय काय माहीत आहे, मला काय शिक्षा आहे, काहीच बोलणं झालं नव्हतं. मी म्हटलं, "पुढच्या गुरुवारी..."

"मला काय विचारता?" त्या म्हणाल्या. "दोनच चादरी आहेत त्यांच्याकडं. एक घेऊन या."

ईश्वरीनं सुती बघून एक काढून ठेवली आहे.

तुझा,
मिलिंद